उद्या ये

सरूमावशी,

तुला जाऊन आज अकरा दिवस झाले. काल तुझ्या दहाव्याला आले होते. घाटावर माणसं खूप होती, तुझ्या खोल्यांतले भाडेकरूसुद्धा पाच-सहा जण कंपनीतून सुट्टी काढून आले होते, आणि मी एका बाजूला दगडावर बसून मनातल्या मनात तुझ्याशी भांडत होते. परत येताना रशीदभाईनं, माझ्या थोरल्या भावानं, स्कूटरवर एक गोष्ट सांगितली. ती ऐकली आणि भांडण जागच्या जागी थांबलं. ती गोष्ट मी शेवटी लिहीन. तू कुठल्याच बाईला पहिल्या दिवशी औषध दिलं नाहीस, तेव्हा मलाही थोडं थांबायला हरकत नाही.

आणखी एक सांगून ठेवते. या लेखात माझ्या माहेरच्या गावाचं नाव कुठेही येणार नाही. मुळशीत बाजाराची गावं काही एकदोन नाहीत, आमच्या लोकांची घरं बऱ्याच ठिकाणी आहेत, वाचणाऱ्यानं हवं ते धरावं. तुला कारण माहीत आहे. मला कालपर्यंत माहीत नव्हतं.

वीसेक वर्षांपूर्वी मी तुमच्या भागातल्या उपकेंद्रात नर्स म्हणून आले. पहिल्याच महिन्यात भरे गावात एक बाळंतीण मिळाली. बाळ आठ दिवसांचं, आईला दूध नाही, आणि सासूनं गाईच्या दुधाची बाटली सुरू केलेली. मी बाळाला छातीशी कसं धरायचं ते दाखवलं, बाटली बंद करायला लावली आणि तीन दिवसांनी परत गेले. बाळ पोट भरून पीत होतं. मी नवीन होते, मला केवढा अभिमान वाटला. तेवढ्यात सासू म्हणाली, हे तुमचं न्हाई बाई, हे सरूबाईच्या पुडीचं हाय.

तशीच तुझ्या घरी आले, रागानं. तू ओट्यावर वाल निवडत बसली होतीस. बाळंतिणीच्या पोटात काय घातलंत, असं मी विचारलं, तेव्हा मी तुला अहो-जाहो करत होते. तू मान वर करून माझ्या हातांकडे बघितलंस.

"मन्यारभाईची पोर ना तू? बापानं आख्ख्या गावाला बांगड्या भरल्या आन पोरीचं हात उघडं."

माझे अब्बा बांगड्यांची पेटी सायकलला बांधून तुमच्या गावांतून फिरायचे. तुझ्या लग्नाचा चुडा त्यांनीच भरला होता, हे तू मला त्या दिवशी सांगितलंस, आणि पुडीत काय होतं ते सांगितलं नाहीस. मी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा तू चहाचा कप माझ्यापुढे सरकवलास आणि म्हणालीस, नाव सांगितलं की गुण जातो.

मावशी, मी साधी तापाची गोळीसुद्धा नाव सांगितल्याशिवाय देत नाही. तशी शिकले आहे आणि तसं वागले आहे. तुझं ते वाक्य मला निव्वळ लबाडीचं वाटलं. पण खरं सांगायचं तर रागापेक्षा कुतूहल जास्त होतं. सासूकडून उरलेल्या पुडीतली चिमूटभर पूड मी कागदात बांधून आणली आणि घरी जिभेवर ठेवून बघितली. आधी गोडसर लागली, मागून किंचित कडू. रंग मळकट पांढरा. मग मी तुझ्या पाळतीवरच राहिले. तुझ्या हातांवर कोपरापर्यंत बारीक ओरखडे असायचे, आणि ते सरळ नसायचे, टोकाला वळलेले असायचे. आकडेदार काट्यांची वेल असणार, एवढं माझं मी ताडलं. एका श्रावणात तू मला जेवायला बसवलंस. कुठल्याशा कोवळ्या कोंबांची भाजी होती, मी दोनदा मागून घेतली. हात धुताना तू हसत होतीस.

"खाल्लीस की तू ती. आता आनि नाव कशाला पायजे?"

पुढच्याच आठवड्यात मी पाड्यावर लस द्यायला जायच्या निमित्तानं तुझ्या मागोमाग टेकाडावर चढले. म्हसोबाच्या वरच्या अंगाला, करवंदीच्या जाळीत, तू बसली होतीस. खुरप्यानं माती बाजूला केलीस. खाली पांढऱ्या मुळ्यांचा झुबकाच्या झुबका होता. तू त्यातल्या तीन काढल्यास, बाकीच्यांवर माती लोटलीस आणि ती पायानं न दाबता दोन्ही हातांनी दाबलीस. मी जाळीच्या अलीकडून बघत होते. शतावरी! औषधांच्या दुकानात हिचे डबे मिळतात, वर हसऱ्या बाळाचं चित्र असतं. एवढ्यासाठी मी इतके दिवस डोकं खाजवत होते. तुला मी आहे हे कळलं होतं, हे तू मला फार नंतर सांगितलंस. तेव्हा वळूनसुद्धा बघितलं नाहीस.

नाव मिळालं आणि माझे प्रश्न संपण्याऐवजी वाढले. तू पहिल्या दिवशी कुणालाच औषध का द्यायची नाहीस? बाई कुठून कुठून चालत यायची, आणि तू तिचं सगळं ऐकून घेऊन एवढंच म्हणायचीस, उद्या ये. संध्याकाळी चिमूटभर तांदूळ आणि हळद घेऊन टेकाडावर जायचीस, वेलीच्या बुडाशी ठेवायचीस आणि तिला आमंत्रण द्यायचीस, उद्या न्यायला येते, गुण घेऊन ये. सकाळी जाऊन मुळी आणायचीस. मी तुझ्यासमोर माझे अंदाज मांडले होते. उगीच आलेली बाई दुसऱ्या दिवशी येत नाही, म्हणून? की रात्रभरात तू त्या बाईची चौकशी करतेस? की काही दुखणी एका रात्रीत आपोआप बरी होतात, म्हणून? तू सगळे अंदाज शांतपणे ऐकलेस.

"झाडाला इचारल्याबिगर कसं आनायचं? तू कुनाच्या घरात शिरून भाकर उचलतीस का?"



तुझ्याकडे येणाऱ्या बायकांना तू काय विचारायचीस, ते मी दाराआड उभी राहून ऐकलं आहे. पाळीचं नंतर. आधी विचारायचीस, घरात किती माणसं जेवतात आणि तू कितव्यांदा जेवतेस? माझ्या रजिस्टरात पन्नास रकाने होते, पण हा नव्हता. सगळ्यांत शेवटी जेवणारी, तव्यावर उरेल ते खाणारी बाई कोण, हे तुला एका प्रश्नात कळायचं. मग तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघायचीस, नख दाबून सोडायचीस. अंगावरून पांढरं जाणाऱ्यांना धायटीची वाळवलेली फुलं, कुणाला उंबराचं पाणी, कुणाला नुसतं तीळ आणि गूळ खायला सांगून पाठवायचीस. पण जिची पापणी आतून पांढरी असेल, जिला ताप असेल, जिची पाळी बंद होऊन वर्षं झाली आणि पुन्हा डाग दिसला असेल, तिला तू तांदळाचा दाणासुद्धा खर्चायची नाहीस. सरळ माझ्याकडे पाठवायचीस. ही माझी नाही, तुझी, असा निरोप यायचा. माझ्याकडच्या लोहाच्या लाल गोळ्या बायका मळमळतं म्हणून परसात फेकून द्यायच्या. तू दम दिलास तेव्हापासून गिळायला लागल्या. ते श्रेय मी वरच्या ऑफिसात स्वतःच्या नावावर खपवलं, हे आज कबूल करते.

सगळंच काही गोडीगुलाबीनं झालं नाही. कळलावीवरून आपण किती भांडलो. अडलेल्या बाळंतिणीच्या तळपायाला तिचा कंद उगाळून लावायची जुनी रीत तू सांगायचीस, आणि मी आरडाओरडा करायचे की तो कंद जहर आहे. एकदा तुझ्या दारावर टांगलेला कंद मी ओढून काढला आणि उकिरड्यात पुरला. तू अडवलं नाहीस.

"इख हाय म्हनून तर दारावर हाय, चुलीपाशी न्हाई," एवढंच म्हणालीस.

त्यानंतर तो कंद कधी दिसला नाही. पण तुला माझं पटलं होतं की तू तो दुसरीकडे टांगलास? हे विचारायचं राहूनच गेलं.

आता त्या शिबिराकडे येते. त्याला पाच वर्षं झाली.

बचत गटाच्या हॉलमध्ये महिलांचं आरोग्य शिबिर होतं. मला बोलायला सांगितलं होतं. आपण काहीतरी उपयोगाचं, फुकटातलं सांगावं, या उत्साहात मी सकाळीच टेकाडावर जाऊन एक वेल मुळासकट उपटून आणली आणि हातात धरून बायकांना दाखवली. ही शतावरी, म्हणाले. दुकानात हिचा डबा मिळतो, तो कशाला घेता? तुमच्याच टेकाडावर आहे, म्हसोबाच्या वर, करवंदीच्या जाळीत, खोदा आणि घ्या. टाळ्या पडल्या. एका पोरीनं मोबाइलवर सगळं टिपून घेतलं आणि संध्याकाळपर्यंत ते तालुकाभर फिरलं. तू शेवटच्या ओळीत भिंतीला टेकून बसली होतीस. माझं बोलणं चालू असतानाच उठलीस, चपला घातल्यास आणि गेलीस. मला वाटलं, गुडघे दुखत असतील.

पहिले काही दिवस कुणी फिरकलं नाही. मग गावातल्या बायका गेल्या, आपापल्या लेकीसुनांसाठी. मग फटफटीवरून परगावची माणसं आली. मग किलोवर घेणाऱ्याचा टेम्पो म्हसोबापाशी उभा राहायला लागला. सगळ्यांनी झुबकेच्या झुबके उपटले. तीनच मुळ्या काढायच्या आणि बाकीच्या झाकायच्या, हे मी शिबिरात सांगितलंच नव्हतं. मी ते डोळ्यांनी बघितलं होतं, मावशी, तरी सांगितलं नाही, कारण मला नाव महत्त्वाचं वाटत होतं. दसऱ्याला मी वर जाऊन आले. जाळ्या उलथून टाकलेल्या, सगळीकडे खड्डे, आणि वेल एकही नाही. मी तिथंच बसून रडले. नाव सांगितलं की गुण जातो, याला मी इतकी वर्षं अंधश्रद्धा म्हणत होते.

तुझ्याकडे आले तेव्हा तू पहिल्यांदाच मला बस म्हणाली नाहीस. ओरडली असतीस तर बरं झालं असतं. त्यानंतर दूध नसलेली बाळंतीण आली की तू तिला सांगायचीस, झाड गेलं, सिस्टरला विचार, तिला माहिती आहे. बायका बिचाऱ्या साध्या मनानं माझ्याकडे यायच्या आणि मी त्यांना चिठ्ठीवर डब्याचं नाव लिहून द्यायचे. प्रत्येक चिठ्ठी लिहिताना मला लाज वाटायची. घोटवडे फाट्यावर आपण समोरासमोर आलो की तू रिक्षावाल्याशी बोलायला लागायचीस. जवळजवळ दोन वर्षं असं चाललं.

मग माझी सना बाळंत झाली. माझी एकुलती एक लेक, हिंजवडीच्या कंपनीत कामाला, तिथंच चौदाव्या मजल्यावर घर. मुलगी आठव्या महिन्यातच झाली, एवढीशी. दूध येईना. मी इतकी वर्षं ज्या ज्या गोष्टी दुसऱ्यांच्या लेकींना शिकवल्या त्या सगळ्या करून बघितल्या. दुकानातला डबाही झाला. सना रडायची, पोर रडायची, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबून रडायचे. चौथ्या दिवशी मी उठले आणि बस पकडून तुझ्याकडे आले. कुठल्या तोंडानं आले, ते मला ठाऊक नाही.

तू ओट्यावरच होतीस. मी काही बोलायच्या आधीच तू विचारलंस, लेकीचं काय? मी सगळं सांगितलं. तू ऐकलंस, ताप आहे का विचारलंस, छातीत गाठी आहेत का विचारलंस, जेवायला कोण करतं विचारलंस. मग माझ्याकडे न बघता म्हणालीस,

"उद्या ये."

उद्या ये, याचा अर्थ या अख्ख्या जगात मला सगळ्यांत चांगला कळत होता. उद्या ये म्हणजे आज संध्याकाळी तू तांदूळ घेऊन कुठेतरी जाणार. म्हणजे कुठेतरी वेल आहे. एक तरी आहे. सगळी गेलेली नाही. मला लेकीचं दुःख विसरून तुझे पाय धरावेसे वाटले आणि त्याच वेळी जीव तोडून विचारावंसं वाटलं, कुठं? मी विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडातून प्रश्न बाहेर पडला नाही.

दुसऱ्या दिवशी तू पुडी नुसती दिली नाहीस, पिशवी घेऊन माझ्याबरोबर निघालीस. चौदाव्या मजल्याच्या लिफ्टमध्ये तू माझा हात घट्ट धरला होतास. घरात शिरल्यावर तू बघायला आलेल्या सगळ्या पाहुण्यांना बाहेरच्या खोलीत पिटाळलंस, पोरीला उघडी करून सनाच्या उघड्या छातीवर निजवलंस आणि वरून तुझं लुगडं पांघरलंस. आणि सनाला विचारलंस, तू कितव्यांदा जेवतीस? ती म्हणाली, भूकच लागत नाही. तू समोर बसून तिला भरवलंस. तू आल्यापासून चौथ्या दिवशी दूध आलं. ते मुळीनं आलं, पांघरलेल्या लुगड्यानं आलं, की पाहुणे हाकलल्यानं आलं? नर्स म्हणून मी शपथेवर काही सांगू शकत नाही. तुला विचारलं तर तू म्हणालीस, पोरीला इचार. पोर आता तीन वर्षांची आहे आणि तिला काही आठवत नाही.

त्या दिवसापासून मी तुला तू म्हणायला लागले, आणि आपलं भांडण पुन्हा सुरू झालं, म्हणजे सगळं सुरळीत झालं. नावाचं भांडण मी सोडलं नाही. बाईच्या पोटात जाणाऱ्या वस्तूचं नाव बाईला कळलंच पाहिजे, मी म्हणायचे. उद्या काही झालं आणि डॉक्टरनं विचारलं काय खाल्लंस, तर ती काय सांगेल? सरूबाईची पुडी? यावर तू मान खाली घालून वाल निवडायला लागायचीस. ती कबुली होती की कंटाळा, हे मला वीस वर्षांत ओळखता आलं नाही.

आणि मी एक शब्द बोलले नाही, तो आज बोलते. चुकलं माझं, मावशी. टेकाड माझ्यामुळे उघडं पडलं. लिफ्टमध्ये म्हणणार होते, निवृत्तीच्या दिवशी तू आलीस तेव्हा म्हणणार होते, गेल्या महिन्यात तुझा ताप हटेना तेव्हाही उशाशी बसून ओठांवर आलं होतं. तू जाशील असं वाटलं नव्हतं. तुझ्या सुनेचा, मंगलचा, सकाळी फोन आला तेव्हा मी नातीच्या हाताला धरून तुझ्याकडेच यायला निघाले होते.

तर काल. घाटावर मी भांडत होते ते याच्यावरून की जागा न सांगता गेलीस. आता ती वेल कुठं शोधू? मंगलला माहीत नाही. ती पिरंगुटच्या कंपनीत जाते, तिला तुझ्या मुळ्यांत कधी रस नव्हता. तुझ्याबरोबर सगळं गेलं, असं धरून मी स्कूटरवर मागे बसले होते. गावाजवळ आल्यावर भाई म्हणाला, सरूबाई गेल्या, आता कुंपणाकडे कोण बघणार?

कसलं कुंपण, मी विचारलं.

भाईनं सांगितलं ते असं. पाच वर्षांपूर्वी एका सकाळी तू एसटीतून उतरलीस, डोक्यावर ओल्या गोणपाटाचं गाठोडं. विचारत विचारत त्याच्या दुकानात आलीस. तुमच्या कबरस्तानाच्या कुंपणाला आतल्या अंगानं थोडी जागा द्या, म्हणालीस, तिथं कुणी खणत नाही. भाईनं जमातीतल्या चार मोठ्या माणसांना विचारलं. काट्यांची वेल आहे, शेरडं आत शिरायची नाहीत, असं म्हणून त्यांनी होकार दिला. तू चपला बाहेर काढून आत गेलीस आणि एकटीनं कुंपणाच्या कडेनं सगळी रोपं लावलीस. मग दर दोन-तीन महिन्यांनी बाजाराच्या निमित्तानं येत राहिलीस. कधी संध्याकाळी तांदूळ ठेवून जायचीस, चिमण्या खायच्या. सकाळी परत यायचीस.

मी विचारलं, कधीची गोष्ट ही? भाईनं आठवून सांगितलं. शिबिरानंतरचा तिसरा दिवस. टेकाडावर पहिला खड्डा पडायच्या आधीचा. म्हणजे तू हॉलमधून उठून गेलीस ती थेट वर गेली होतीस.

आणि मला का नाही सांगितलंस, मी भाईवर ओरडले. तो म्हणाला, त्यांनी एकच अट घातली होती.

"फकस्त नसीमला सांगू नगा. पोर मनानं लई चांगली हाय, पन तिच्या तोंडात तीळ भिजत न्हाई."

मावशी, मी इतकी हसले की भाईला स्कूटर बाजूला घ्यावी लागली. मग रडले. तो बिचारा बाटलीतलं पाणी पुढे करून उभा होता. अब्बांची कबर त्याच कुंपणाच्या कडेला आहे. तिथली वेल सगळ्यांत जास्त फोफावली आहे, असं तो सांगत होता. म्हणजे सनाच्या पोरीच्या पोटात गेलेलं ते पहिलं दूध तिच्या पणजोबांच्या उशाजवळचं. माझ्याशी दोन वर्षं अबोला धरलास आणि त्या दोन वर्षांत माझ्या बापाच्या कबरीपाशी पाणी घालत होतीस. तेव्हा अब्बांशी बोलायचीस का? त्यांनी भरलेल्या चुड्याची आठवण काढायचीस? समेट झाल्यावरही मला का सांगितलं नाहीस? भरवसा नव्हता की मी विचारायची वाट बघत होतीस? आणि मी विचारत नव्हते ते तुझ्या भीतीनं, की मला खरंच अक्कल आली होती? इतके प्रश्न साचले आहेत आणि उत्तर द्यायला तू नाहीस. मला तुझा रागही येत नाही, नुसती तुझी आठवण येते.

आज सकाळी मंगलचा फोन आला. तुमच्या सहा नंबरच्या खोलीत परवाच बिहारचं जोडपं राहायला आलंय, त्यांची बाई पंधरा दिवसांची बाळंतीण आहे, दूध कमी पडतंय. तुझं नाव ऐकून ओट्याशी आली होती. तू नाहीस हे तिला माहीतच नव्हतं. मंगल म्हणाली, "सिस्टर, बाई दारात हुबी हाय, काय सांगू?" मी फोन तिच्या हातात द्यायला सांगितला आणि मोडक्यातोडक्या हिंदीत सगळं विचारून घेतलं. ताप नाही. गाठी नाहीत. बाळ दिवसातून सात-आठदा ओलं करतंय. मग विचारलं, घरात किती जण जेवता आणि तू कितव्यांदा जेवतेस? ती म्हणाली, सबके बाद.

उद्या तुझ्या ओट्यावर जाऊन तिला बघीन, बाळाचं वजन करीन, आणि मंगलला आत्ताच सांगून ठेवलं आहे की तिला आज तुमच्याकडेच जेवायला बसव आणि तिचं ताट आधी वाढ. पुडीवर मोठ्या अक्षरात नाव लिहीन, मराठीत आणि हिंदीत. ते भांडण मी हरलेले नाही. पण कुणी जागा विचारली तर मला काही माहीत नाही.

आज संध्याकाळी भाईबरोबर कुंपणाशी जायचं आहे. आमच्यात बायका सहसा आत जात नाहीत, मी बाहेरूनच उभी राहीन. ओंजळीत तांदूळ असतील. आधी बिस्मिल्ला म्हणेन आणि मग तुझं आमंत्रणाचं वाक्य, दोन्ही. भाईला सांगून झालं आहे, सकाळी तीनच मुळ्या काढ, बाकीच्यांवर माती लोट, आणि पायानं नको, हातानं दाब.

सकाळी बोलणं झाल्यावर फोन परत मंगलकडे गेला. तिनं पुन्हा विचारलं, काय सांगू हिला?

मी म्हटलं, "उद्या ये म्हणावं."